भटजींचं जास्तीचं धोतर

माझी आई आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगायची, की आमचा गोपाळ मोठ्या हॉस्पिटलात कामाला आहे आणि रोज सकाळी तिथे गाईचं दूध काढतो. यात तिची काही चूक नव्हती. मीच तिला तसं सांगितलं होतं. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका हॉस्पिटलात न्यूक्लिअर मेडिसिनचा तंत्रज्ञ होतो. तिथे दर आठवड्याला मुंबईहून विमानानं एक जड, शिशाचं कवच असलेली पेटी यायची. तिच्यात एक किरणोत्सारी मूलद्रव्य असायचं आणि त्याचं सतत दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होत राहायचं. रोज सकाळी पेटीतून सलाईन ओढलं की नव्यानं तयार झालेलं ते दुसरं मूलद्रव्य बाटलीत उतरायचं. आमच्या धंद्यातले लोक या पेटीला गाय म्हणतात आणि सकाळच्या त्या कामाला दूध काढणं. विमान चुकलं की गाय नाही, गाय नाही की दूध नाही, आणि मग लांबून पहाटे निघून आलेल्या पेशंटला हात जोडून परत पाठवायचं. आईला एवढं सगळं समजावत बसण्यापेक्षा मला गाय सोपी वाटली. शेजारच्या अक्का एकदा खरवसासाठी चीक मागायला आल्या, तेव्हा मात्र पंचाईत झाली.

एक्सरेत किरण बाहेरून येतात आणि माणसातून आरपार जातात. आमच्याकडे उलटं. आम्ही ते दूध एका औषधात मिसळून शिरेत टोचतो, औषध अंगात जाऊन बसतं आणि मग माणसातूनच किरण बाहेर पडू लागतात. वरचा कॅमेरा ते फक्त टिपून घेतो. हाडांच्या स्कॅनचं जे औषध आहे ते जिथे हाड दुरुस्तीला लागलेलं असतं तिथे जास्त जमतं. कर्करोग हाडात शिरला की हाड स्वतःला सावरायची धडपड करतं, आणि फिल्मवर तिथे काळा ठिपका उमटतो. म्हणजे आम्हाला रोग दिसत नाही, रोगाशी झगडणारं हाड दिसतं. रोग हाडाबाहेर कुठे लपला असेल, तर आमचं यंत्र आंधळं.

औषध टोचल्यावर दोन-तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि कॅमेऱ्याखाली जाण्याआधी लघवी करून यायची. हाडात न बसलेलं औषध त्याच वाटेनं बाहेर पडतं. त्यातून एक भानगड उद्भवते. लघवीचा एखादा थेंब कपड्याला लागला तरी कॅमेऱ्याला तो हाडातल्या ठिपक्यासारखाच दिसतो. म्हणून पेशंटला हॉस्पिटलचे कपडे द्यायचे आणि जपून जाऊन या म्हणून बजावायचं. या बजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

यशवंतपूरच्या बाजारातले एक कांद्याचे व्यापारी एकदा आले होते. भला मोठा देह, बोटात अंगठ्या, बरोबर अख्खं कुटुंब. स्वतःचा सांगाडा पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटताना त्यांनी मान वळवून पाहिला आणि खट्टू होऊन कानडीत विचारलं, "इष्टेना?" एवढाच का मी? मी म्हटलं, "हौदु स्वामी, एल्लारू इष्टे." होय, सगळे एवढेच. ते पोट हलवून हसले. त्यांचं चित्र चांगलं नव्हतं. मला ते तेव्हाच दिसत होतं, आणि सांगायची मला परवानगी नव्हती.

तंत्रज्ञानं निकाल सांगायचा नाही, तो डॉक्टर सांगतील, हा आमच्याकडचा नियम. नियम योग्यच आहे. पण कॅमेऱ्याखाली पडलेल्या माणसाला पडद्यापेक्षा आमचा चेहरा जवळ असतो आणि तो त्यातच सगळं शोधतो. त्यामुळे मी कोरा चेहरा ठेवायला शिकलो. बायको म्हणायची, तो हॉस्पिटलात ठेवून येत जा, घरी कशाला आणता.

नरहरी भटजींपुढे मात्र हा चेहरा चालायचा नाही, कारण तो त्यांनी माझ्या लहानपणापासून पाहिलेला होता. माझी मुंज त्यांनीच लावली होती. पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेली आमच्यासारखी जी मराठी घरं आहेत, माजघरात मराठी आणि दारात कानडी बोलणारी, त्यातल्या बऱ्याच घरांचे ते उपाध्याय. राहायला बनशंकरीत. सायकलला पिशवी अडकवून गावभर फिरायचे. स्वभाव तापट. मंत्र चाललेले असताना यजमानाची नजर घड्याळाकडे गेली की तिथेच थांबायचे आणि म्हणायचे, "जाऊन ये आफिसला. देव थांबतील, त्यांना कुठं बस पकडायचीय." मुलगा नव्हता. एक मुलगी, ती होसकोट्याला दिलेली. घरात ते आणि कमळाक्का, दोघंच. कमळाक्का फार बोलायच्या नाहीत. त्यांच्या वाट्याचंही भटजीच बोलून घ्यायचे.

साठी उलटल्यावर भटजींना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. ग्रंथी काढून टाकली, ऑपरेशन नीट पार पडलं. त्या ग्रंथीच्या पेशी रक्तात एक द्रव्य सोडतात. ते मोजायची तपासणी त्या सुमारास आमच्याकडे नवीनच आली होती. ग्रंथीच नाही म्हटल्यावर ते द्रव्य सापडायलाच नको. काही काळ सापडलंही नाही. मग थोडं सापडलं, पुढच्या खेपेला आणखी थोडं. म्हणजे रोग परतला होता. कुठे बसला होता, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. जिथे ग्रंथी होती तिथेच उरला असेल या अंदाजानं डॉक्टरांनी किरणांचा शेक दिला. आकडा जरासा उतरला आणि पुन्हा चढू लागला. अंदाज चुकला होता.

आता प्रश्न हाडांचा होता. हाडात शिरला असेल तर आमच्याकडे त्या काळी एकच खात्रीचा उपाय, अंडकोष काढून टाकायचे. हा रोग पुरुषाच्या संप्रेरकावर पोसतो, ते तोडलं की तो सुकतो. परदेशी इंजेक्शनं निघाली होती, पण ती भटजींच्या आवाक्यातली नव्हती. गोळ्या होत्या, पण त्यांच्या अधू हृदयाला त्या चालणाऱ्या नव्हत्या. म्हणून हाडात दिसत नाही तोवर थांबायचं असं डॉक्टरांनी ठरवलं, आणि हाडात आहे की नाही हे बघायला त्यांना माझ्याकडे पाठवलं.

हे ऑपरेशन कोणत्याही पुरुषाला जड जातं. भटजींची अडचण त्याहून वेगळी होती. ज्याचं हे अंग गेलं, त्याला देवाचं आणि पितरांचं कार्य करायचा अधिकार राहत नाही, असं ते शिकले होते आणि तसंच मानत होते. इंजेक्शन टोचताना त्यांनी मला ते सगळं मोकळेपणी सांगितलं. मग म्हणाले, "गोपण्णा, मला दुसरं काय येतं रे? हाडात नाही, एवढं तुझ्या यंत्राकडनं म्हणवून घे. बाकी काय असेल ते असूंदे."

स्कॅनआधी मी हॉस्पिटलचे कपडे पुढे केले. त्यांनी ते हातही न लावता पाहिले.

"किती जणांनी घातलंय हे?"

"धुतलेले आहेत भटजी."

"कोणी धुतलेत?"

मी हरलो. ते घरून नेसून आलेल्या धोतरावरच राहिले, इथून परस्पर देवळात जायचं होतं. लघवीला गेले, त्यांच्या रीतीप्रमाणे जानवं कानाला लावून, आणि नंतर चांगलं तांब्याभर पाणी घेऊन धुऊनबिऊन आले. त्या धुण्यातच घोटाळा झाला. पडद्यावर उजव्या खुब्यापाशी काळा ठिपका उमटला. मी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे.

"दिसलं ना?" ते म्हणाले.

मी आमच्या डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी एकदा पडदा पाहिला, एकदा धोतराचा ओला काठ पाहिला आणि म्हणाल्या, "धुऊन, कपडे बदलून परत घे." बाहेर बसलेल्या कमळाक्कांच्या पिशवीत देवळासाठी वाळवून आणलेलं दुसरं धोतर होतं. ते त्यांनी दाराआडून दिलं. भटजी पुन्हा धुऊन आले, ते नेसले, पुन्हा झोपले. खुबा स्वच्छ. वरपासून खालपर्यंत सगळी हाडं स्वच्छ. मॅडमनी तसं सांगितल्यावर भटजी उठून बसले आणि लहान मुलासारखे हसले. "धुतलं नि गेलं," ते बायकोला म्हणाले.

मॅडमना तेवढ्यावर सोडवेना. त्यांनी समजावलं, की हाडात नसलं तरी रक्त सांगतंय की आहे. भटजींनी विचारलं, "मग आहे कुठं?" मॅडम म्हणाल्या, की ते या यंत्राला दिसत नाही. त्यांच्याकडे परदेशातलं एक मासिक होतं. त्यात पेट स्कॅनची चित्रं होती. तिकडे असं यंत्र आलंय, जे हाडाकडे न पाहता थेट रोगाच्या पेशींनाच शोधतं. प्रोस्टेटसाठी अजून तितकं जमत नाही, पण लोक मागे लागलेत, असं त्यांनी सांगितलं. भटजींनी ते चित्र लांब धरून, मग जवळ धरून पाहिलं.

"हे इथं कधी येणार?"

"येईल. इतक्यात नाही."

"सरी, बरं. मी थांबतो," भटजी म्हणाले, जणू बसच यायची होती.

ते यंत्र आलं. फार उशिरा आलं, आणि प्रोस्टेटच्या पेशीला नेमकं चिकटणारं औषध त्याहून उशिरा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी त्यावर काम केलं. भटजींसारखाच एक पेशंट, ग्रंथी काढलेली, रक्तातला आकडा नुकता कुठे वर सरकलेला. पडद्यावर मूत्राशयाच्या बाजूला एका गाठीत मोहरीएवढा दिवा लागला. तेवढाच, बाकी अंग काळोखात. त्याला नेमका तिथे शेक दिला गेला आणि तो माणूस आपल्या कामाला लागला. माझे सहकारी चित्र किती सुरेख आलंय म्हणत होते. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. असा दिवा भटजींच्याही अंगात कुठेतरी असणार होता, आणि आम्ही शेक दिला तो भलतीकडेच. त्या दिवशी मला फार रडू आलं.

पण हे पुढचं. त्या वर्षांत भटजी नेमानं माझ्याकडे येत राहिले, दर खेपेला पिशवीत जास्तीचं धोतर घेऊन. मी सांगायच्या आधीच बदलायचे आणि ऐटीत झोपायचे. स्कॅन स्वच्छ यायचा. मॅडम दर वेळी रक्ताचा चढता आकडा सांगायच्या, आणि भटजींच्या कानात फक्त हाडं शिरायची. मग देवळातला अंगारा माझ्या कपाळाला लावून, कॅमेऱ्यालाही जरासा लावून ते निघायचे. आमचं यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जे दिसायचं तेवढं ते खरं सांगायचं, आणि त्या खरेपणाच्या भरवशावर भटजी थांबले होते. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि चूक कोणाची म्हणावी तेही कळत नाही.

मग एकदा ते सायकलऐवजी ऑटोनं आले. टेबलावर चढताना त्यांनी ओठ दाबून धरले. मी विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाले, "स्वल्प. थंडीचं आहे." कमळाक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यावरून मला समजलं, की दुखणं बरेच दिवसांचं आहे.

उजव्या खुब्यापाशी ठिपका आला. पहिल्यांदा आला होता त्याच जागी.

भटजींनी तो पाहिला आणि ते घाबरले नाहीत. "आज घाईत धुतलं," म्हणाले. पाय ओढत गेले, धुऊन आले, जास्तीचं धोतर नेसले, झोपले. ठिपका तिथेच. "पाणी नीट आलं नाही नळाला," म्हणाले. पुन्हा गेले. मी थांबवू शकलो असतो. कारण तोवर कॅमेरा वर सरकला होता आणि पाठीच्या मणक्यांतही ठिपके दिसले होते, आणि तिथपर्यंत काही धोतर पोचत नाही. पण ते मी सांगायचं नव्हतं. न्हाणीघरात कितीतरी वेळ नळ वाहत होता. दाराशी कमळाक्का उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुरे हो आता." नळ चालूच राहिला.

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा दोन्ही धोतरं भिजलेली होती. ओलं धोतर कसंबसं गुंडाळून ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गोपण्णा, तुमच्याकडचे ते कपडे दे बघू."

मी हॉस्पिटलचा पायजमा दिला. तो कोणी धुतला ते त्यांनी विचारलं नाही. नाडी बांधता येईना, ती मी बांधली. मुंजीच्या दिवशी माझी लंगोटी त्यांनी बांधली होती. ते झोपले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. चित्र पुरं झाल्यावर विचारलं, "गेला?"

मी तोंड फिरवून मॅडमना बोलवायला गेलो. तेवढ्यानं भटजींना कळलं.

ऑपरेशन झालं. हे सांगितलंच पाहिजे, की त्याचा गुण आला. आठवड्याभरात वेदना पळाली. ज्यांना कूस बदलता येत नव्हती ते पायी देवळात जाऊ लागले. पुढच्या स्कॅनमध्ये ठिपके फिके पडले होते, आणि मॅडमनी स्वतः त्यांना ते दाखवलं. भटजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं." आवाज दुसऱ्या कोणाचं तरी बरं झाल्यासारखा.

कार्यं त्यांनी बंद केली. लोकांना सांगितलं, गुडघे गेले, मांडी घालवत नाही. ऑपरेशनचं आम्हा मोजक्या माणसांपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी काही न बोलता काम चालू ठेवलं असतं, तरी कोणाच्या बापाला कळलं नसतं.

माझ्या वडिलांचं श्राद्ध आलं. आईनं मला त्यांच्याकडे पाठवलं. मी म्हटलं, "भटजी, खुर्चीवर बसून सांगा, मी करतो." ते म्हणाले, "खुर्चीचा प्रश्न नाही, तुला ठाऊक आहे." मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गुरूंच्या घराण्यातल्या एका वृद्ध शास्त्र्यांना त्यांनी सगळं विचारलं होतं. शास्त्री म्हणाले, रोगासाठी वैद्यानं जे केलं त्याला दोष नाही, खुशाल कार्यं करा.

"मग झालं तर," मी म्हटलं.

"नाही रे. मला बघून त्यांचे डोळे भरले होते. माझी दया आली त्यांना, म्हणून तसं बोलले. दयेनं का अधिकार येतो?"

घरी येऊन मी आईला गुडघ्यांचं सांगितलं. ती भडकली. "देवळापर्यंत चालत जातात, मी बघितलंय. आपल्याच घरी यायला गुडघे दुखतात? मोठे झालेत आता." पेशंटचं गुपित घरातही बोलायचं नाही. माझा तो कोरा चेहरा सर्वात महाग पडला तो आईसमोर. पुढे ती गेली, तोवर तिनं भटजींचं नाव घेतलं नाही.

असा उपाय कायमचा नसतो, रोग त्यातूनही वाट काढतो. तशी त्यानं काढली, आणि भटजी गेले. सुतक फिटल्यावर मी बनशंकरीला गेलो. मुलगी-जावई होसकोट्याला परतले होते. कमळाक्का एकट्याच होत्या, आणि त्या दिवशी त्या माझ्याशी जितकं बोलल्या, तितकं मी त्यांना आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं.

ऑपरेशननंतर भटजींनी घरच्या देवांनाही हात लावला नाही. फुलं त्या वाहायच्या, दिवा त्या लावायच्या. ते मागे भिंतीला टेकून बसायचे. शाळिग्रामाला आमच्याकडे बायकांनी शिवायचं नसतं आणि त्यांनी स्वतःला मनाई करून घेतलेली, त्यामुळे तो डबीत बंद राहिला. ज्या दिवशी ऑपरेशनला निघाले, त्या सकाळी त्यांनी त्याला स्नान घातलं होतं, तेच शेवटचं.

"अगदी शेवटी शेवटी मी म्हटलं, एक तुळशीचं पान तरी वाहा हो तुमच्या हातानं. दार लावलंय, कोण बघतंय?" कमळाक्का म्हणाल्या. "तर म्हणतात, बघणारा समोरच बसलाय की."

मग त्या उठून देवघरातून डबी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. "गोपण्णा, जावई येतो नि घाईत जातो. तू आज घाल ह्याला पाणी. तुझी मुंज झालीय."

मी शर्ट काढला, हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. शाळिग्राम ताम्हनात ठेवला. त्याच्यावर धूळ नव्हती, पण तो पार कोरडा, फिकट दिसत होता. पळीत पाणी घेतलं आणि थांबलो. मंत्राचा पहिला शब्दच आठवेना. मागे कमळाक्का उभ्या होत्या. चाळीस-पन्नास वर्षं ऐकून त्यांना ते सगळं तोंडपाठ होतं, पण बायकांनी ते मोठ्यानं म्हणायचं नाही, असं भटजींनीच त्यांना शिकवलेलं. त्यांचे ओठ हलत असावेत, पण आवाज येत नव्हता. मला म्हणायचा अधिकार होता, आणि येत काहीच नव्हतं.